उलाळ, धुरजड आणि टोचन

दसऱ्याला चिखलीत कोणाच्या दारी नवी मोटार आली, की हार-नारळ होण्याआधी शेजारपाजार जमतो. जमलेल्या मंडळींचा पहिला प्रश्न वर्षानुवर्षे एकच असे : ‘ॲव्हरेज किती देते?’ अलीकडे त्याला एक धाकटा भाऊ झाला आहे : ‘आणि ओढते कशी?’ मुंबई-पुण्याच्या वाचकाला हा दुसरा प्रश्न जरा चमत्कारिक वाटेल. तिकडे गाडी ओढली जाते ती वाहतूक पोलिसांकडून, आणि त्यानंतर मालकाला जे ओढावे लागते ते खिशातून! परंतु बुलढाणा जिल्ह्याच्या घाटावरच्या भागात, जिथे बँकेतल्या नोकरदाराचेही गावाकडे चार-दोन एकर सोयाबीन असते, तिथे हा प्रश्न अगदी रोजच्या व्यवहारातला आहे. मोठी गाडी घ्यायची ती आजीला शेगावला नेण्यासाठी, मुलांना सिंदखेडराजा-लोणार दाखवण्यासाठी. पण प्रसंगी तिच्यामागे छोटी ट्रॉली जोडावी, जनरेटर न्यावा, किंवा काळ्या रानात फसलेली मेव्हण्याची गाडी बाहेर काढावी, हेही यजमानांच्या मनात असतेच.

या उद्योगाला इकडे ‘टोचन’ म्हणतात. शब्दाची कुळी कोणती ते भाषापंडितांनी ठरवावे. ‘भाऊ, टोचन लावता का?’ असे रस्त्याकडेला उभा असलेला माणूस विचारतो, तेव्हा ‘नाही’ म्हणणे शिष्टसंमत नाही. आणि येथेच घोटाळ्याला सुरुवात होते. ज्याच्याकडे मोठी गाडी, त्याच्याकडे मोठे इंजिन, आणि ज्याचे इंजिन मोठे त्याची गाडी वाटेल ते ओढील, असा सर्वांचा समज असतो. मालकाचाही असतो. त्या समजापायी क्लच जळतात, बंपर उपटून येतात, आणि घाटात कधी त्याहून वाईट घडते. म्हणून दिवाळीच्या खरेदीत पंधरा-वीस लाख, कोणी पन्नास लाख मोजण्यापूर्वी हा विषय घरातल्या सर्वांनी मिळून एकदा नीट समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

मौज अशी की, या विषयातले निम्मे शहाणपण आपल्या आजोबा-पणजोबांना बैलगाडीवरून ठाऊक होते. गाडी भरताना ओझे मागे जास्त झाले तर जू वर उचलले जाते, बैलांच्या मानेवर भारच राहत नाही. ती गाडी ‘उलाळ’ झाली. ओझे पुढे जास्त झाले तर जू मानेवर बसते, बैल वाकतो, आणि उतारावर तर त्याचे हाल विचारू नका. ती गाडी ‘धुरजड’. हाडाचा गाडीवान पोती रचतानाच जू हाताने उचलून पाही : अगदी हलकेही नको, जडही नको, किंचित धुरेकडे भार हवा. आज अमेरिकेत मोटारीमागे ट्रॉली जोडणाऱ्याला जी पुस्तिका मिळते तिच्यात हेच लिहिलेले असते, फक्त आकडा घालून. ट्रॉलीच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार मोटारीच्या हुकावर यावा, असे ती सांगते. ५०० किलोची ट्रॉली असेल तर हुकावर ५० ते ७५ किलो. त्याहून कमी आला, म्हणजे ट्रॉली उलाळ झाली, की साठ-सत्तरच्या वेगाला ती शेपटीसारखी डावी-उजवीकडे हलू लागते आणि पुढच्या मोटारीलाही हलवते. चालक घाबरून ब्रेक दाबतो, आणि हेलकावे आणखी वाढतात. अशा वेळी स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढावयाचा असतो. हे वाचून कळते, पण पायाला कळायला वेळ लागतो.

आता इंजिनाकडे वळू. जाहिरातीत दोन आकडे ठळक छापलेले असतात : अश्वशक्ती आणि टॉर्क. पहिला आकडा आपण वाचतो, कारण घोडा आपल्या ओळखीचा आहे. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उंच उचलले, की एक अश्वशक्ती झाली. त्यात वेळेचा हिशेब आहे, म्हणजे काम किती झपाट्याने होते त्याचे हे माप. टॉर्कचे तसे नाही. एक मीटर लांबीचा पाना नटाला लावला आणि त्याच्या टोकाला २१ किलोचे वजन टांगले, तर नटावर जो पीळ पडेल तो सुमारे २१० न्यूटन-मीटर. महिंद्रांच्या बोलेरोच्या इंजिनाचा जास्तीत जास्त पीळ एवढाच आहे. घोडा धावतो आणि बैल ओढतो. दोघांचेही काम मोलाचे, पण शर्यतीतला घोडा नांगराला जुंपीत नाहीत, एवढे लक्षात ठेवले की जाहिरात वाचता येते.

डिझेल इंजिन ओढीच्या कामात पुढे का, याचे उत्तरही यातच आहे. त्याचा पीळ कमी फेऱ्यांवर मिळतो. बोलेरोचे २१० न्यूटन-मीटर मिनिटाला १६०० ते २२०० फेऱ्यांमध्ये हाती येतात. टर्बोचार्जर नसलेले पेट्रोल इंजिन त्याच्या ऐन जोमात यायला त्याहून बरेच वर चढवावे लागते. ओझ्याची गाडी जागची हलवायची असते तेव्हा फेऱ्या कमीच असतात. त्या क्षणी जो पीळ हाताशी असेल तो खरा.

या गाड्यांचा वंशवृक्ष पाहिला तर मूळ पुरुष एकच निघतो : दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप. २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन, शक्ती ६० अश्वांची, पीळ सुमारे १४२ न्यूटन-मीटर. लष्कराने या पाव टनी गाडीसाठी पाव टनीच छोटी ट्रॉली बनवून घेतली होती, म्हणजे मागे ओढायचे तेही मोजूनमापून. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत ही जीप जोडायला घेतली आणि तेव्हापासून ‘जीप’ हा शब्द मराठी झाला. पुढे डिझेल महागाईच्या दिवसांत स्वस्त पडते म्हणून तिच्यात प्यूजो कंपनीच्या परवान्याचे डिझेल इंजिन आले. तिकडे पुण्यात बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या परवान्याच्या डिझेल इंजिनावर ट्रॅक्स काढली. तिचीच भावंडे क्रूझर आणि तूफान ही नावे घेऊन आजही विदर्भातल्या वऱ्हाडांना पोचवीत असतात. १९९४ मध्ये टाटांची सुमो आली. पुष्कळांना वाटते की जपानी पहिलवानावरून नाव ठेवले. पण ते सुमंत मुळगावकर यांच्या नावातली पहिली अक्षरे घेऊन ठेवलेले आहे. सुमो २०१९ पर्यंत निघत होती. २००० साली बोलेरो, २००२ साली स्कॉर्पिओ, आणि २००९ साली भारतात टोयोटाची फॉर्च्युनर. चिखलीच्या बाजार समितीच्या आवारात हंगामात तासभर उभे राहिले तर हा सगळा वंश, आजोबा-नातवांसकट, डोळ्यांपुढून जातो.

तर आता तुलना. बोलेरोचे इंजिन १४९३ सी.सी.चे, तीन सिलिंडरांचे, ७६ अश्वशक्तीचे. तिच्या वरची बोलेरो निओ तेवढ्याच सी.सी.त १०० अश्वशक्ती आणि २६० न्यूटन-मीटर देते. २०२२ साली आलेली स्कॉर्पिओ-एन डिझेलच्या वरच्या प्रकारात १७५ अश्वशक्तीची असून तिचा पीळ हाताच्या गिअरमध्ये ३७० आणि ऑटोमॅटिकमध्ये ४०० न्यूटन-मीटर आहे. टाटांची २०२१ ची सफारी, १९५६ सी.सी.चे डिझेल, १७० अश्वशक्ती आणि ३५०. त्याच वर्षी आलेल्या महिंद्रांच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये डिझेल १८५ अश्वशक्तीपर्यंत आणि ऑटोमॅटिकमध्ये ४५० पर्यंत. फॉर्च्युनरचे २.८ लिटर डिझेल २०४ अश्वशक्ती आणि ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर. नुसते आकडे पाहिले तर ओढायला फॉर्च्युनर पहिली, एक्सयूव्ही दुसरी आणि बिचारी बोलेरो शेवटची, असा निकाल लागतो. हा निकाल चुकीचा आहे. फॉर्च्युनर पहिली खरीच, पण मधला क्रम साफ उलटतो.

तो का, हे पाहण्यासाठी थोडे गणित करू. समजा, गाडी माणसांसकट अडीच टन आणि ट्रॉली अर्धा टन, एकूण ३००० किलो. चढ असा की पंधरा मीटर चालले की एक मीटर वर जावे. चढासाठी २०० किलो जोर लागेल, चाकांच्या घर्षणासाठी आणखी सुमारे ४५. मिळून २४५ किलो. ताशी ४० किलोमीटरने हा चढ चढायला अश्वशक्ती लागते अवघी ३६! साठच्या वेगाला ५४. ऐंशीचा हट्ट धरला तर ७३, आणि वाऱ्याचा विरोध वेगळा. तिथे मात्र बोलेरोचा श्वास संपतो. सारांश काय, घाई नसलेल्या माणसाला ७६ अश्वशक्ती पुरून उरते. शेतातला पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर काही टन माल भरलेली ट्रॉली रोज ओढतो, हे आपण पाहतोच. बोलेरोपेक्षा त्याची शक्ती कमी आहे. मग तो कशावर ओढतो? सावकाश गिअरवर, स्वतःच्या वजनावर आणि त्या अजस्र मागच्या चाकांच्या पकडीवर.

पकड! खरी मेख येथे आहे. इंजिनाचा पीळ गिअरमधून आणि मागच्या डिफरन्शियलमधून जाताना वाढत जातो. पहिला गिअर चौपट आणि डिफरन्शियल चौपट धरला तर २१० चे ३३६० न्यूटन-मीटर होतात. चाकाच्या त्रिज्येने भागले की रस्त्यावर सुमारे साडेनऊशे किलोचा जोर. घर्षणात काही गेले तरी आठशे कुठे गेले नाहीत. परंतु दोन टनांच्या गाडीचे मागच्या दोन चाकांवर वजन असते टनभर. कोरड्या डांबरावर त्याची पकड असते सातशे किलोच्या आसपास आणि ओल्या मातीत दोन-तीनशे. म्हणजे ज्या इंजिनाला आपण लहान म्हणून हिणवले ते आधीच टायरच्या पकडीपेक्षा अधिक जोर काढते आहे! त्याच जागी ५०० न्यूटन-मीटरचे इंजिन बसवले तर टायर जास्त जोराने जागच्या जागी फिरेल, इतकेच. चारही चाकांना जोर पोचवणारी गाडी हवी ती याकरिता. इंजिन तेच ठेवूनही तिची पकड जवळजवळ दुप्पट होते.

आता सफारीची गोष्ट. ती पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी आहे. एक्सयूव्हीही मूळची तशीच, चारही चाकांची सोय काही प्रकारांत तेवढी मिळे. शहरात आणि महामार्गावर हा बेत उत्तम, गाडी शांत चालते, डिझेल वाचते. परंतु मागच्या हुकावर ७५ किलो भार आला, सातही जागा भरल्या आणि वर चढ लागला, की गाडीचे सगळे वजन मागे कलते आणि पुढची, म्हणजे ओढणारीच, चाके हलकी होतात. बैलगाडीच्या भाषेत मोटारच उलाळ झाली. १७० अश्व आहेत, पण त्यांच्या टापा जमिनीला टेकत नाहीत! बोलेरो, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर या मागच्या चाकांनी ढकलणाऱ्या. मागे भार आला की त्यांची पकड वाढते.

दुसरा भेद हाडांचा. या तिन्ही गाड्यांखाली पोलादी चासी असते, शिडीसारखी. वरचा सांगाडा तिच्यावर ठेवलेला. हुक चासीला बोल्टने आवळला की ओढीचा ताण चासी घेते. सफारी व एक्सयूव्ही यांत वेगळी चासी नाही, पत्र्याची पेटी हीच चासी. टक्कर झाली असता आतली माणसे वाचवण्यात ही पेटी मुळीच कमी नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण गावाकडे अजून ‘पत्रा जाड तर गाडी मजबूत’ असा समज आहे. पण तिला वाटेल तिथे भोके पाडून हुक जोडणे म्हणजे भिंतीला खुंटी ठोकून तिच्यावर झोपाळा टांगणे. कंपनीने नेमून दिलेल्या ठिकाणीच तो बसवावा, आणि कंपनीने ठिकाण दिलेच नसेल तर ओढीचा विचार सोडावा.

परदेशी कंपन्या या बाबतीत किती काटेकोर असतात, हे तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींकडून ऐकावे. टेक्सासमधल्या एखाद्या मराठी घरासमोर फोर्ड एक्सपिडिशन किंवा शेव्हरोले टाहो उभी असते. पहिलीत साडेतीन लिटरचे दोन टर्बोंचे सहा सिलिंडरी इंजिन, दुसरीत ५.३ लिटरचे आठ सिलिंडरी. २०१८ साली नव्या रूपात आलेली एक्सपिडिशन ओढीची खास सामग्री घेतल्यास ९,३०० पौंड, म्हणजे सव्वाचार टनांच्या आसपास ओढू शकते असे कंपनी लिहून देते. २०२१ ची टाहो ८,४०० पौंड, सुमारे ३.८ टन. लहान इंजिन मोठ्याच्या पुढे! होंडा पायलटचे उदाहरण याहून बोलके आहे. साडेतीन लिटरचे इंजिन तेच, पण पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या पायलटला ३,५०० पौंड आणि चारही चाकांच्या पायलटला ५,०००. इंजिनात काडीचाही फरक नाही.

हे आकडे काढतात कसे, तेही ऐकण्यासारखे आहे. अमेरिकन अभियंत्यांनी ठरवलेल्या पद्धतीप्रमाणे ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळचा अकरा मैलांहून लांब चढ, भर उन्हात, एअर कंडिशनर चालू ठेवून, ठराविक वेगाखाली न येता चढावा लागतो. पण त्या कसोटीत गाडीत माणसे दोनच धरतात. सात माणसे बसवली तर त्यांचे वजन ट्रॉलीतून वजा करावयाचे. आपल्याकडे हा मुद्दा सोयिस्करपणे विसरला जातो. सात जण म्हणजे साडेचारशे किलो, शिवाय टपावर बॅगा. बहुतेक सातआसनी गाड्या एवढ्यानेच आपल्या परवानगीच्या वजनाला टेकतात. हुकावर येणारा ७५ किलोचा भार हा आठवा प्रवासी समजावा, आणि तो सर्वांत मागे, चाकांच्याही पलीकडे बसलेला.

आपल्या चाकणला तयार होणारी स्कॉर्पिओ-एन ऑस्ट्रेलियातही विकली जाते. तिथे ब्रेक असलेली ट्रॉली २,५०० किलोपर्यंत आणि ब्रेक नसलेली ७५० पर्यंत ओढावी, असे कंपनीने जाहीर केले आहे. आपल्याकडच्या रंगीत माहितीपत्रकांत पडदा किती इंचांचा आणि छत केवढे उघडते याची वर्णने भरपूर असतात, पण ओढीचा आकडा सहसा नसतो. गिऱ्हाईक विचारीत नाही म्हणून कंपनी सांगत नाही, आणि कंपनी सांगत नाही म्हणून गिऱ्हाईक अंदाज बांधतो. या दिवाळीत शोरूममध्ये जाणाऱ्यांनी हा आकडा लेखी मागावा. विक्रेता गोंधळला तर गोंधळू द्यावा.

त्या ऑस्ट्रेलियन आकड्यांतले ‘ब्रेक असलेली’ हे दोन शब्द मात्र नजरेतून निसटू देऊ नयेत. आम्ही ही सगळी चर्चा एका गॅरेजात काढली तेव्हा तिथले मिस्त्री हात पुसत एवढेच म्हणाले, ‘‘इंजन तं ओढते हो भाऊ, पण थांबवते कोन?’’ साऱ्या लेखात आम्हांला जे सांगायचे होते ते त्या गृहस्थांनी एका वाक्यात उरकले. चिखलीहून मलकापूरला रेल्वे गाठायची तर बुलढाण्यापुढे राजूर घाट उतरावा लागतो. घाटावरून घाटाखाली कुठेही जा, ओझे उतरवणे आलेच. तीन टनांचे ओझे दोनशे मीटर खाली नुसत्या ब्रेकांवर उतरवले, तर त्या ब्रेकांत जी उष्णता जमेल तिच्यावर अठरा लिटर गार पाणी उकळीला येईल. चार चाकांच्या एवढ्याशा तबकड्यांत अठरा लिटर पाण्याचे आधण! ब्रेकचे तेल उकळते, पेडल मऊ पडते आणि मग पाय जमिनीला टेकला तरी गाडी ऐकत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे आणि निम्मे काम इंजिनाला करू द्यावे. ऑटोमॅटिकवाल्यांनीही हाताने खालचा गिअर निवडावा. न्यूट्रलमध्ये उतरून डिझेल वाचवणाऱ्यांशी आम्ही वाद घालत नाही. त्यांनी निदान मुलांना गाडीत घेऊ नये.

कायद्याचीही बाजू आहे. ट्रॉली हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे, तिची वेगळी नोंदणी लागते. वेल्डिंगच्या दुकानात आठ दिवसांत बनवून घेतलेली बिननंबरी ट्रॉली एमएच-२८ पाटीच्या देखण्या गाडीमागे जोडली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी पहिला प्रश्न कोणता विचारील ते उघड आहे. बंद पडलेली गाडी ओढून जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणी नेता येते, पण दोन गाड्यांत पाच मीटरांहून अधिक अंतर राहू नये, असा नियम आहे.

राहिला प्रश्न फसलेल्या गाडीचा. गावाचे नावच चिखली, तेव्हा याला थोडी जास्त जागा दिली तर वाचक रागावणार नाहीत. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते. वरून पापुद्रा वाळलेला दिसतो आणि खाली लोणी. चाक एकदा त्यात बसले की ॲक्सिलरेटर दाबणारा माणूस स्वतःच खड्डा खणीत असतो. टायरच्या खाचा मातीने भरल्या की महागडे टायरही गुळगुळीत रुळासारखे होतात. अशा वेळी पहिले काम इंजिन शांत करणे आणि खाली उतरून पाहणे. चाकापुढची माती खोऱ्याने काढावी. टायरमधली हवा बरीच कमी करावी, म्हणजे टायर पसरून पकड वाढते. पऱ्हाट्या किंवा तुराट्यांचा भारा चाकाखाली दाबून भरावा. आणि दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच हळुवार सोडीत, शक्यतो ज्या वाटेने आत आलो त्याच वाटेने मागे निघावे. निम्म्या वेळा टोचनाची गरजच उरत नाही.

गरज पडलीच तर दोर कुठे बांधायचा हा प्रश्न. बंपरला कधीही नाही, आत प्लास्टिक आणि पातळ पत्राच असतो. ट्रॉलीच्या हुकाच्या गोळ्यालाही नाही. झटक्यात तो तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखाच सुटतो. चासीच्या गाड्यांना ओढीचे कडे दिलेले असते. नव्या पेटीच्या गाड्यांत बंपरवर एक लहानसे झाकण असते, ते काढून हत्यारांच्या पिशवीतले लोखंडी कडे आट्याने आत बसवायचे. आपल्या गाडीत हे कडे आहे हेच कित्येक मालकांना माहीत नसते. पिशवी आजच उघडून पाहावी. साखळी आणि तारेचा दोर टाळावा, जाड कापडी पट्टा बरा. पट्टा आधी हलके ताणून घ्यावा आणि मग जोर लावावा. मागून पळत येऊन हिसका देण्यात मर्दुमकी वाटते खरी, पण त्या हिसक्याने पकडीपेक्षा कितीतरी अधिक ताण दोरावर येतो. दोराच्या मध्यावर ओले पोते टाकून ठेवण्याची जुन्या ड्रायव्हरांची रीत आहे. दोर तुटला तर तो उसळत नाही, खाली पडतो. बघ्यांना, विशेषतः पोरांना, दोराच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर पिटाळावे. ओढल्या जाणाऱ्या गाडीत जो बसेल त्याला आधीच सांगावे की, इंजिन बंद असल्यामुळे ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही दगडासारखी जड लागतील, आणि किल्ली फिरवून स्टिअरिंगचे कुलूप काढलेले हवे. ऑटोमॅटिक गाडी चाके जमिनीवर ठेवून लांब ओढू नये. इंजिन बंद असताना आतल्या तेलाचा पंप चालत नाही आणि गिअरपेटी कोरडी फिरून खराब होते.

यावर कोणी म्हणेल, ‘तुम्ही घाबरवता फार. फोक्सवॅगनच्या गाडीने विमान ओढले ना?’ ओढले. २००६ साली इंग्लंडात तुआरेगने १५५ टनांचे बोइंग ७४७ ओढले, आणि २०१२ साली लॉस एंजेलिसात टोयोटाच्या टुंड्राने एंडेव्हर हे अवकाशयान एका पुलावरून नेले. पण जमीन सपाट होती, वेग माणसाच्या चालीच्या जवळपास होता, चाके गुळगुळीत फिरणारी होती, आणि तुआरेगमध्ये तर पकड वाढावी म्हणून टनावारी पोलाद भरले होते. सपाट जमिनीवर हलवणे आणि घाटात सांभाळणे यांत कुस्ती पाहणे आणि खेळणे एवढा फरक आहे. विजेच्या गाड्या आल्या आहेत, २०२५ च्या टाटा हॅरिअर ईव्हीत दोन मोटरींचा मिळून ५०४ न्यूटन-मीटर पीळ आहे आणि तो पहिल्या क्षणापासून मिळतो. ओढीला हे उत्तम. पण ट्रॉली जोडली की एका चार्जमध्ये कापायचे अंतर झपाट्याने घटते, आणि रानात चार्जर नसतो.

मग घ्यायचे काय? आमचे मत विचाराल तर घरात माणसे सात, शेगाव-संभाजीनगर-नागपूर असा पक्क्या सडकेचा प्रवास आणि ओढायचे फक्त स्वतःचे सामान, अशांनी पेटीच्या गाडीकडे खुशाल जावे. आजीला चढायला सोपी, मागच्या बाकावर मुलांना धक्के कमी. जुन्या चासीच्या गाडीत तिसऱ्या रांगेत बसून लोणारपर्यंत गेलेल्या मुलांना हा फरक सांगावा लागत नाही. ज्यांना वर्षातून दोन-चारदा रानात उतरायचे आहे आणि कधीमधी अर्ध्या टनाची ट्रॉली जोडायची आहे, त्यांना चार चाकांची स्कॉर्पिओ-एन पुरेशी आहे. फॉर्च्युनरचे सामर्थ्य वादातीत आहे, पण तेवढ्या किमतीत स्कॉर्पिओ घेऊन शिवाय एक ट्रॅक्टर दारात उभा राहतो. आणि बोलेरोवाल्यांनी मुळीच खंत करू नये. घाई सोडली तर तिच्या ओढीला नावे ठेवण्याजोगे काही नाही.

दोन टनांचा माल असेल तर मात्र कोणतीही मोटार नको. शेजारच्याचा ट्रॅक्टर सांगावा, त्याचे भाडे एका क्लच-प्लेटपेक्षा पुष्कळ कमी पडते.